जोडीनेच द्यायचे आहेत

दुकानात तिला सगळे इंचबाई म्हणायचे. तयार कपड्यांचं तीन मजली दुकान होतं, आणि तिसऱ्या मजल्यावर, ट्रायल रूमच्या मागे, खिडकी नसलेल्या एका खोलीत तिचं मशीन होतं. कुणाची पॅन्ट लांब झाली, कोटाची बाही हाताच्या खाली आली, स्कर्ट कमरेला सैल पडला, की तो कपडा या खोलीत यायचा. सोबत चिठ्ठी, चिठ्ठीवर सेंटिमीटरमध्ये आकडे. ती ते आकडे मनातल्या मनात इंचांत करायची आणि मगच खडू हातात घ्यायची. नव्या मॅनेजरने एकदा सांगून पाहिलं, "बाई, आता जग सेंटिमीटरवर चालतं." ती म्हणाली, "चालू दे की. माझ्याकडे येणारी माणसं अजून इंचानेच जाड होतात." तेव्हापासून इंचबाई. एकतीस वर्षांत तिच्या हातून आखूड झाला म्हणून एकही कपडा परत आला नव्हता. त्याचा तिला थोडा ताठा होता, आणि तो तिला शोभायचाही.

घरी ती ताई होती. नवरा लग्नानंतर नवव्या वर्षी गेला, मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक छोटं स्वयंपाकघर आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड केलेली गॅलरी, एवढा तिचा संसार. त्यात गेली दोन वर्षं धाकटा भाऊ येऊन राहिला होता. आला होता "चार दिवस राहतो" म्हणून.

हा धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टच्या कामाला नेहमी दोघे लागतात: एक वर मशीनपाशी, दुसरा खाली खड्ड्यात. धाकटा आणि त्याचा जोडीदार अठरा वर्षं असे दोघे होते. डबा एकच आणायचे, भांडण झालं तरी अबोला जेवणाच्या सुट्टीपर्यंतच टिकायचा. त्या दिवशी बोलायची यंत्रं बंद पडली होती, म्हणून आरोळ्या मारत काम चाललं होतं. खालून जोडीदार ओरडला, "थोडं थांब." दहा मजल्यांच्या त्या अरुंद बोळातून आवाज वर येईपर्यंत त्यातलं "थांब" कुठेतरी विरून गेलं आणि "थोडं"चं "सोड" झालं. धाकट्याने ब्रेक सोडला. जोडीदार खड्ड्यातून जिवंत वर आला नाही.

चौकशी झाली. दोष कुणा एकाचा नाही असं ठरलं. जोडीदाराच्या बायकोने निरोप पाठवला, "भावजी, मनाला लावून घेऊ नका." त्या निरोपानंतर धाकटा कामावर गेला नाही. बहिणीकडे आला, आतल्या खोलीत पलंगावर बसला, आणि बसला तो बसलाच. दिवस उजाडला की झोपायचा, लोक झोपले की उठायचा. म्हणजे कुणाशी बोलायची वेळ येत नाही. गोळ्या झाल्या, समजावून झालं, एकदा तिने रागाने ताटही आपटून पाहिलं. तो सगळ्याला "बरं" म्हणायचा. हत्यारांची पिशवी पलंगाखाली सरकवलेली होती, ती त्याने दोन वर्षांत उघडली नव्हती.

एके दिवशी कामावरून येताना इंचबाईला जिन्यात एक कागद चिकटवलेला दिसला. "शुगर ग्लायडर. दोन. वय दोन वर्षे. जोडीनेच द्यायचे आहेत. तळमजला, पार्लर." तिला वाटलं, साखर मोजायचं काहीतरी यंत्र असावं. जेवताना, काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "खालची पार्लरवाली घर सोडून चाललीय वाटतं. साखरेची दोन मशिनं विकायला काढलीत. आणि म्हणे जोडीनेच देणार. एका घरात दोन मशिनं कशाला लागतात?"

धाकट्याने ताटातून मान वर केली. "शुगर ग्लायडर?"

"हं. तसंच काहीसं होतं."

"प्राणी असतो तो, ताई." आणि तो चक्क हसला. म्हणजे ओठाचा एक कोपरा हलला, पण दोन वर्षांच्या उपासावर तेवढंही पुष्कळ होतं. "खारीएवढा असतो. झाडावरून झाडावर तरंगत जातो. रात्री जागतो, दिवसा झोपतो. एकटा राहू शकत नाही, म्हणून जोडीने देतात." त्याने फोनवर चित्र दाखवलं. राखाडी रंगाचं मूठभर काहीतरी, कपाळापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा, आणि अख्ख्या चेहऱ्यावर फक्त डोळेच.

"तुला कसं माहीत एवढं?"

"रात्री बघत असतो काहीबाही." मग जरा वेळाने, ताटाकडे बघतच, तो म्हणाला, "आपण ठेवू या का?"

इंचबाईचा घास हातातच राहिला. धाकट्याने दोन वर्षांत मीठसुद्धा मागून घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती खाली गेली. पार्लरवाली मोठी बोलकी बाई. कात्री चालायची त्याच्या दुप्पट वेगाने तिची जीभ चालायची. लेकाकडे कायमची राहायला निघाली होती आणि सुनेला प्राण्यांच्या केसांनी शिंका यायच्या. आतल्या खोलीत उंच पिंजरा होता, त्यात टांगलेली कापडी झोळी, आणि झोळीत दोघे एकमेकांत असे गुंडाळलेले की कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते कळू नये. इंचबाईने झोळीला हात लावला मात्र, आतून असा कर्कश किरकिराट आला की ती दोन पावलं मागे सरली.

"घाबरू नका, तोंडाची वाफ आहे नुसती," पार्लरवाली म्हणाली. "पण मी तुम्हाला फसवणार नाही हं. हे काही मांजर नाही, वाटी पुढे ठेवली की झालं असं. फळं चिरून द्यायची, अंडं द्यायचं, वरून कॅल्शियमची पावडर. ती चुकली की मागचे पाय जातात यांचे. रात्री भुंकतात."

"भुंकतात?"

"कुत्र्यासारखे! एवढासा जीव, पण एकदा लागला की तासभर. वास येतो. घाण कुठेही करतात, तुमच्या खांद्यावरसुद्धा. आणि रोज माणसाचा सहवास लागतो, नाहीतर बुजतात. सगळं नीट झालं तर बारा-पंधरा वर्षं जगतात."

म्हणजे अजून तेरा वर्षं. इंचबाई छप्पन्न वर्षांची होती. तिने मनातल्या मनात टेप लावून पाहिली. एकोणसत्तर. धाकटा एकसष्टचा. मधेच आपण आडवे झालो तर? तो आपल्याला बघणार, की यांना, की पलंगावर बसून दोघांनाही "बरं" म्हणणार? आणि त्याचा उत्साह चार दिवसांचा निघाला, तर सकाळी फळं चिरणार कोण, हे काही कुणी सांगायला नको होतं.

"आणि यातला एक गेला तर?" तिने विचारलं.

पार्लरवालीची जीभ पहिल्यांदाच अडखळली. "मग दुसरा खात नाही. स्वतःचीच शेपटी कुरतडतो. लगेच नवा आणावा लागतो. म्हणून तर म्हटलं, जोडीनेच."

वर येऊन तिने धाकट्याला सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता, आणि शेवटी म्हणाली, "आपल्याला नाही रे झेपणार. जिवंत प्राण्याची जबाबदारी आहे. नको."

"बरं," तो म्हणाला आणि आत गेला.

त्याने वाद घातला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मशीनवर बसल्यावर ते "बरं" तिच्या कानात घुमत राहिलं. दुपारी मॅनेजर एक पॅन्ट घेऊन आला आणि दाराशीच उभा राहिला. "इंचबाई, हे काय झालं?" पॅन्ट चांगली दोन इंच आखूड झाली होती. तिने चिठ्ठी पाहिली, टेप लावली, पुन्हा चिठ्ठी पाहिली. चूक तिचीच होती. मॅनेजर भला माणूस, म्हणाला, "असू दे, गिऱ्हाईकाचे मोजे बरे असतील तर चालून जाईल." ती हसली नाही. त्या संध्याकाळी ती घरी न जाता आधी तळमजल्यावर गेली.

"तुम्ही जायला अजून किती दिवस आहेत?"

"पंधरा."

"मग पंधरा दिवस आमच्याकडे ठेवते. जमलं तर ठीक, नाहीतर परत आणून देईन. चालेल?"

पार्लरवालीला काय, चालण्यासारखंच होतं.

पिंजरा जुना, गंजलेला होता. धाकट्याने तो पाहिला, नाक मुरडलं, आणि पलंगाखाली वाकून हत्यारांची पिशवी ओढली. इंचबाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. आत जायचा तिला धीर झाला नाही. मांजराच्या पावलांनी आलेली गोष्ट हालचालीने पळून जाईल असं वाटलं. दोन दिवसांत त्याने माळ्यावरच्या जुन्या कपाटाची फळ्यांसकट चौकट काढून तिला जाळी लावली, आत आडव्या फांद्या बसवल्या, दाराला दुहेरी कडी केली. कडी दहा वेळा उघडून-लावून पाहिली. "दुहेरी कशाला रे? सिंह आहेत का ते?" तिने विचारलं. "ताई, एक कडी चुकली तर दुसरी हवी," तो म्हणाला.

दोघांना त्याने नावंही सरळच ठेवली, मोठा आणि बारका. पहिले तीन दिवस त्यांनी त्याला पाहिलं की नुसता किरकिराट केला. चौथ्या दिवशी बारक्याने त्याच्या बोटावरचं दही चाटलं. सातव्या दिवशी दोघे त्याच्या सदऱ्याच्या खिशात झोपले आणि तो चार तास ताठ बसून राहिला, पाठ भरून आली तरी. दुपारी तीनला तो आपण होऊन उठायला लागला, कारण फळं चिरायची असत. पपईचे तुकडे किती मोठे असावेत यावरून त्याने बहिणीशी चक्क हुज्जत घातली. "एवढे मोठे? त्यांचं तोंड बघ जरा." ती म्हणाली, "अर्धा इंच आहेत." तो म्हणाला, "तुझ्या इंचाने त्यांचं पोट भरत नाही."

रात्री ते खरंच भुंकायचे. भिंतीपलीकडून तिला धाकट्याचा आवाज ऐकू यायचा, हळू, अखंड. काय बोलतो ते कळायचं नाही. एकदा मात्र शब्द नीट कानावर आले, "सांभाळून रे, एकदम उडी टाकू नको, मी आहे खाली." तिने पांघरूण डोक्यावरून घेतलं. खोटं कशाला सांगायचं, तिला जरासा हेवाही वाटला. दोन वर्षं जेवण वाढलं, कपडे धुतले, आणि गप्पा मात्र या मूठभर पाहुण्यांशी. पण त्या हेव्यातही गोडी होती.

दहाव्या दिवशी तिने मनाशी ठरवून टाकलं. ठेवायचे. तोंडाने सांगण्यापेक्षा हाताने सांगणं तिला सोपं जायचं. पार्लरवालीने दिलेली झोळी कुरतडून विटली होती, तिला वासही येत होता. दुकानात हिवाळी कोटांच्या आतल्या मऊ कापडाचे तुकडे उरले होते. जेवणाच्या सुट्टीत तिने त्यातून नवी झोळी बेतली. तळाला दुहेरी कापड, तोंडाला पट्टी, टांगायला चार कड्या. फाटू नये म्हणून नायलॉनचा दोरा भरला, आणि कडा उसवू नयेत म्हणून आतून सगळीकडे दोऱ्याच्या उघड्या वेढ्यांचा ओव्हरलॉक मारला. कोटाच्या अस्तराला मारतात तसाच, दाट आणि पक्का. बाहेरून ती झोळी इतकी सुरेख दिसत होती की शेजारच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बाई, यात मीच झोपते."

अकराव्या दिवशी सकाळी, कामावर निघताना, तिने ती पिंजऱ्यात टांगली. रात्रभर दंगा करून दमलेले दोघे एकामागोमाग आत शिरले. धाकटा झोपायच्या तयारीत होता. त्याने झोळी पाहिली, बहिणीकडे पाहिलं. "म्हणजे ठेवायचे?"

"बघू या," ती म्हणाली. पण तिचा चेहरा काही बघू या म्हणत नव्हता.

संध्याकाळी ती आली तेव्हा घराचं दार उघडंच होतं. धाकटा पिंजऱ्यापुढे गुडघ्यांवर बसला होता; चिरलेली फळं आत ठेवताना त्याला नुकतंच दिसलं होतं. मोठा जाळीला चिकटून ओरडत होता. बारका धाकट्याच्या तळहातावर होता, आणि त्याचा मागचा एक पाय झोळीत होता. आतल्या ओव्हरलॉकच्या दोऱ्याच्या फासात त्याची नखं अडकली होती. सोडवायला तो दिवसभर गोल फिरला असणार. दोरा पायाभोवती आवळत गेला होता. सुती असता तर तुटला असता. हा नायलॉन होता. पाय सुजून काळा पडला होता, आणि बारक्याने तो स्वतःच कुरतडायला घेतला होता.

"तुझी छोटी कात्री," धाकटा म्हणाला.

तिने पर्समधून कात्री काढून दिली. त्याने एक-एक फास कापला.

जनावरांच्या डॉक्टरकडे ती एकटीच धावली, बारक्याला टॉवेलात गुंडाळून. धाकटा दारापर्यंत आला, उंबऱ्याशी थांबला, आणि तिथून पुढे त्याचं पाऊल उचललं नाही. तिनेही आग्रह केला नाही, वेळ नव्हता. डॉक्टर तरुण होता, प्रामाणिक होता. म्हणाला, "मी कुत्री-मांजरं बघतो. एवढ्या लहान जिवाला भूल किती द्यायची तेही मला नक्की माहीत नाही. पाय काढावा लागेल. वाचेल असं सांगत नाही." झोळी कशी होती ते त्याने विचारलं, ती सांगत असताना त्याने मान हलवली. "यांच्यासाठी आतली शिवण झाकून घ्यावी लागते. दोरा उघडा राहता कामा नये. कुणी सांगितलं नाही का?"

कुणी सांगितलं नव्हतं. पण आतली शिवण झाकायची कशी हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तान्ह्या बाळांच्या झबल्यांना ती तशीच घ्यायची, बाळाच्या अंगाला टोचू नये म्हणून. दुहेरी मोडून, दहा मिनिटांचं जास्तीचं काम. जेवणाची सुट्टी संपत आली होती म्हणून तिने ओव्हरलॉक मारला होता.

बारका दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. तो धाकट्याच्या खिशात होता. पाय काढला होता, पण उरलेल्या जागेवरची पट्टीही त्याने सोडली नव्हती.

त्या संध्याकाळी दोघे स्वयंपाकघरात समोरासमोर बसले होते. गॅसवर चहा उकळून उकळून आटला, कुणी उठलं नाही.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "दोरा माझा होता."

धाकटा टेबलाकडे बघत होता. "तुझा दोष नाही असं मी म्हणणार नाही, ताई."

तिने चमकून वर पाहिलं.

"मला सगळे तेच म्हणाले. चौकशीवाले म्हणाले, गोळ्या देणारा डॉक्टर म्हणाला, तू म्हणालीस, निरोपातून वहिनी म्हणाल्या. तसं म्हटल्याने काही होत नाही. उलट पुढचं बोलणंच संपतं. माणूस म्हणतो, बरं." त्याने मान वर केली. "आणि दोरा तुझा होता, पण आवाज मला आला होता."

"कसला आवाज?"

"दुपारी. बारा-एक वाजता. तो ओरडला. मला जाग आली होती. मी पडल्या पडल्या ऐकलं आणि म्हटलं, दोघे भांडताहेत झोळीत जागेवरून. होतील गप." त्याने तळहात पालथे करून टेबलावर ठेवले. "पुन्हा नीट ऐकलं नाही मी."

"अरे, तुला कसं कळणार होतं..." ती म्हणायला गेली आणि मधेच थांबली. दोन वर्षं ती त्याला हेच म्हणत आली होती, याच आवाजात, आणि दर वेळी वाटायचं की आपण त्याच्यावर पांघरूण घालतोय. काळोख पडला तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही. तेवढा वेळ मात्र दोघे एकाच खोलीत होते. नाहीतर गेली दोन वर्षं एका घरात राहूनही तसं कधी झालं नव्हतं.

मोठ्याचं काय करायचं हा प्रश्न उरलाच होता. तो फांदीवर बसून असायचा. पपई सुकून जायची. भुंकायचा, मग थांबून कान टवकारायचा, पुन्हा भुंकायचा. दोन दिवसांतच त्याच्या शेपटीच्या टोकाचे केस गेलेले दिसले.

आता गंमत अशी झाली की इंचबाईच हट्टाला पेटली. "दुसरा आणू या. मी चौकशी केलीय, शहराच्या दुसऱ्या टोकाला एक दुकान आहे. मी झोळी शिवणार नाही, विकतची आणू. फळं मी चिरीन. तू नुसता बस त्यांच्याजवळ."

"नको."

"अरे, तू उठायला लागला होतास! हसायला लागला होतास. मी पाहिलं ना या डोळ्यांनी."

"म्हणूनच नको." तो शांतपणे बोलत होता, जसं एखाद्या गिऱ्हाईकाला लिफ्ट का बदलावी लागेल ते समजावून सांगावं. "नवा आणला की हा जगेल. मग हा म्हातारा होऊन आधी जाईल. मग तो नवा एकटा. त्याच्यासाठी पुन्हा एक आणायचा. कुणीतरी एक मागे उरणारच, ताई. दर वेळी त्याच्याकडे मी बघायचं. नाही जमणार मला."

"मग याला काय मरू द्यायचं?"

"ज्याच्याकडे पुष्कळ आहेत त्याला दे."

पार्लरवालीच्या ओळखीत तसा एक जण होता, निवृत्त पोस्टमन, गावाबाहेरच्या वस्तीत राहणारा. त्याच्याकडे सहा होते. पार्लरवालीचं सामान बांधून झालं होतं, तरी तिने फोन लावून दिला. बारक्याचं ऐकून तिने तोंडाला पदर लावला. "मीच सांगायला हवं होतं हो शिवणीचं," ती म्हणाली. "एवढं सगळं बोलले, तेवढंच राहिलं." आणि इंचबाईच्या लक्षात आलं की ही बाईसुद्धा आता हे घेऊनच लेकाकडे जाणार.

मोठ्याला न्यायचं ठरलं त्या दिवशी धाकट्याने एका खोक्याला वाऱ्यासाठी भोकं पाडली, आत स्वतःचा वापरलेला बनियन घातला. "वासाने जरा बरं वाटेल त्याला," म्हणाला. इंचबाई म्हणाली, "चल ना तू पण. बसने तासभराचा तर रस्ता आहे." तो चपला घालून जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत आला. तिथे खोकं तिच्या हातात दिलं आणि वर गेला.

पोस्टमनचं घर म्हणजे एक मोठी खोली आणि त्यात भिंतभर पिंजरा. माणूस कमी बोलणारा, नखं स्वच्छ कापलेली. त्याने मोठ्याची शेपटी पाहिली. "लगेच सोडणार नाही यांच्यात," तो म्हणाला. "आठ-दहा दिवस शेजारी वेगळा ठेवीन. वासाची सवय झाली तर घेतील. नाहीतर चावतात."

"चावले तर?"

"तर बघू." मग तिचा चेहरा पाहून म्हणाला, "जमतं बहुतेक वेळा."

परतीच्या बसमध्ये रिकामं खोकं मांडीवर होतं. बनियन तिने तिथेच ठेवला होता.

महिनाभराने तिच्या फोनवर पोस्टमनचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "सगळे मजेत." एका झोळीत राखाडी गोळा झोपला होता, कान, शेपट्या, पट्टे सगळे एकमेकांत गुंतलेले. इंचबाईने चष्मा लावला, फोटो मोठा केला, आणि बोट ठेवून मोजले. सहा. पुन्हा मोजले. सहाच. सातवा खाली दबला असेल. पिंजऱ्यात दुसरीकडे असेल. तो फोटोच जुना असेल.

तिने फोन धाकट्याकडे दिला. म्हणाली फक्त, "बघ, पोस्टमनने पाठवलाय."

त्याने बराच वेळ पाहिलं. त्याचा अंगठा एकेका डोक्यावरून सरकत होता, म्हणजे तोही मोजत होता. मग त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"विचारू का त्यांना?" ती म्हणाली.

"नको."

तिने विचारलं नाही. आज-उद्या विचारू म्हणता म्हणता दिवस गेले, आणि मग इतक्या उशिरा विचारायला लाज वाटू लागली. पोस्टमननेही पुन्हा काही पाठवलं नाही.

धाकट्याने पिंजरा खोलला. स्क्रू मापाप्रमाणे वेगळे करून डब्यांत भरले, जाळी गुंडाळली, फळ्या माळ्यावर चढवल्या. दोन दिवस नीट, हळूहळू काम केलं, आणि ते संपल्यावर तो पुन्हा पलंगावर बसला. आता तर तो रात्रीही झोपतो. दिवसा झोपतो आणि रात्रीही झोपतो. इंचबाई सकाळी त्याच्या खोलीत डोकावते, श्वास चाललेला बघते आणि कामाला जाते. दुकानात तिचं काम पूर्वीसारखंच चोख आहे. पण हल्ली साध्या पॅन्टच्या खालच्या कडेलाही ती आतली शिवण दुहेरी मोडून झाकते. मॅनेजर म्हणतो, "इंचबाई, एवढं कोण बघतं? कपडे साठलेत बघा." ती ऐकून घेते आणि तसंच करत राहते. कामं मागे पडतात, म्हणून गेल्या आठवड्यात त्या खोलीत दुसरं मशीन आलं. त्यावर बसणारी मुलगी झपाट्याने काम करते, आणि सेंटिमीटरमध्ये.